आधी घरची न्यायालये

मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल आपल्याच सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे दाद मागणाऱ्याला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: देशातली न्यायालये काय म्हणाली? खटला, अपील, त्यावरचे अपील असे देशात उपलब्ध असलेले मार्ग त्याने वापरले नसतील, तर तक्रार कितीही गंभीर असली तरी ती ग्राह्य धरली जात नाही. युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम 35 मध्ये, अमेरिकी खंडांच्या कराराच्या कलम 46 मध्ये, आफ्रिकी सनदेच्या कलम 56 मध्ये आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला जोडलेल्या पहिल्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये ही अट आहे. शब्द जवळपास सारखेच आहेत. पीडिताला न्याय मिळतो की नाही हे त्या शब्दांच्या वाचनावर ठरते.

नियम मानवी हक्कांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जुना आहे. मध्ययुगीन युरोपात परमुलखात लुबाडल्या गेलेल्या व्यापाऱ्याला त्याचा राजा एक परवाना देई. त्या मुलखातल्या लोकांचा माल जप्त करून व्यापाऱ्याने आपले नुकसान भरून घ्यावे, असा तो परवाना असे. मात्र तो मिळण्यापूर्वी तिथल्या न्यायाधीशाकडे दाद मागितली होती आणि ती नाकारली गेली, हे त्याला दाखवावे लागे. एका माणसाच्या तक्रारीवरून दोन राज्ये भिडू नयेत, हा त्यामागचा हेतू. हाच विचार पुढे राजनैतिक संरक्षणाच्या, म्हणजे आपल्या नागरिकाच्या वतीने राज्याने दावा करण्याच्या, कायद्यात आला. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतलेल्या शेअर्सवर इंटरहँडेल या स्विस कंपनीने हक्क सांगितला. अमेरिकी न्यायालयांत सुमारे दहा वर्षे घालवल्यानंतर तिच्या वतीने स्वित्झर्लंड हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. दरम्यान 1958 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा पुन्हा सुनावणीला घेतला होता, म्हणून 1959 मध्ये हेगच्या न्यायालयाने स्वित्झर्लंडचा अर्ज अग्राह्य ठरवला. देशांतर्गत उपाय आधी वापरणे हा रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रस्थापित नियम आहे, असे या निकालाने स्पष्ट केले.

त्या कंपनीच्या पाठीशी एक सार्वभौम राज्य उभे होते. मानवी हक्कांचा तक्रारदार एकटा असतो. ज्यांच्याविरुद्ध त्याची तक्रार असते त्याच पोलिसांकडे त्याला ती नोंदवायची असते आणि त्याच सरकारच्या वकिलांशी लढायचे असते. व्यापारी आणि कंपन्यांच्या वादांतून घडलेला नियम जसाच्या तसा त्याच्यावर लादणे म्हणजे दुबळ्याला बलवानाच्या मापाने मोजणे. ब्राझीलचे कायदेपंडित कान्सादो त्रिंदादे यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विषयावरील ग्रंथात हा फरक नेमका हेरला. मानवी हक्कांच्या क्षेत्रात उपाय वापरण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भर दाद प्रत्यक्ष मिळण्यावर हवा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. नियमाने तक्रारदारावर जबाबदारी टाकली आहे, तशीच ती राज्यावरही टाकली आहे: वापरण्याजोगा उपाय पुरवण्याची.

या दुसऱ्या जबाबदारीचा सर्वांत स्पष्ट उच्चार होंडुरासच्या एका खटल्यात झाला. मान्फ्रेदो वेलास्केझ हा विद्यार्थी सप्टेंबर 1981 मध्ये तेगुसिगाल्पा शहरातून बेपत्ता झाला. नातेवाइकांनी हेबिअस कॉर्पसचे, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचे, तीन अर्ज केले, फौजदारी तक्रारीही दिल्या, पण हाती काहीच लागले नाही. प्रकरण अमेरिकी खंडांच्या मानवी हक्क न्यायालयापुढे आले, तेव्हा देशातले उपाय पूर्ण वापरलेले नाहीत असा आक्षेप सरकारने घेतला. कैदेची जागा आणि कैद करणारा अधिकारी कोण हे सांगितल्याशिवाय हेबिअस कॉर्पसचा अर्ज चालत नाही, असेही सरकारचे म्हणणे होते. यावर न्यायालयाचे उत्तर असे: सरकारी माणसांनी गुपचूप डांबलेल्या माणसाबाबत हे कोणाला ठाऊक असणार? अशी अट असलेला उपाय त्याला शोधण्यासाठी पुरेसा नाही. बेपत्ता व्यक्तीला मृत मानण्याच्या दिवाणी कारवाईचा मार्गही सरकारने सुचवला होता. ती कारवाई वारसांना मालमत्तेची वाटणी करता यावी आणि जोडीदाराला पुनर्विवाह करता यावा यासाठी असते. जिवंत असू शकणाऱ्या माणसाचा शोध घेणे हे तिचे कामच नव्हे. उपाय पुरेसा आणि परिणामकारक असला पाहिजे, आणि तो बाकी आहे असे म्हणणाऱ्या सरकारनेच तो दाखवून द्यावा, ही तत्त्वे 1988 च्या या निकालाने पक्की केली. खटला चालू असतानाच, जानेवारी 1988 मध्ये, एक साक्ष दिलेला आणि एक साक्षीसाठी बोलावलेला असे दोघे जण मारले गेले. त्या देशात न्यायालयाची पायरी चढणे किती धोक्याचे होते, याचा याहून जळजळीत पुरावा कागदोपत्री सापडणार नाही.

या निकालानंतर दोन वर्षांनी अमेरिकी खंडांच्या न्यायालयानेच आणखी दोन अपवाद मान्य केले. गरिबीमुळे वकील करणे शक्य नसेल, किंवा सार्वत्रिक भीतीपोटी कोणी वकील खटला घ्यायलाच तयार नसेल, तर उपाय न वापरल्याचा दोष तक्रारदाराकडे जात नाही. युरोपात 1996 च्या अक्दिवार खटल्यात आग्नेय तुर्कस्तानातल्या एका गावच्या रहिवाशांनी सुरक्षा दलांनी घरे जाळल्याची तक्रार केली होती. प्रशासकीय न्यायालयांत भरपाई मागता आली असती, असे सरकार म्हणाले. अधिकारी इतके निष्क्रिय असताना तो मार्ग केवळ कागदावर होता, असा निष्कर्ष काढून स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा नियम लवचिकपणे आणि फाजील औपचारिकता टाळून लावण्यास सांगितले. गांबियात 1994 च्या लष्करी उठावात पदच्युत झालेले राष्ट्राध्यक्ष दावदा जवारा यांनी जिवावर उदार होऊन मायदेशी जाऊन खटला भरावा, ही अपेक्षाही आफ्रिकी आयोगाने मानली नाही. नेपाळमधील बेपत्ता व्यक्तींच्या प्रकरणांत सरकारने नियोजित सत्य आयोगाकडे बोट दाखवले, पण न्यायालय नसलेल्या संस्थेची वाट पाहण्याचे बंधन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने पीडितांवर घातले नाही.

इतके अपवाद असतील तर नियमच का नको, असा प्रश्न सहज येतो. पण नियम रद्द करण्यात शहाणपण नाही. साक्षीदार, कागदपत्रे, घटनास्थळ हे सारे देशातच असते. शिवाय आंतरराष्ट्रीय संस्था लाखोंच्या तक्रारी हाताळूच शकत नाहीत. नियम नीट वापरला तर तो घरच्या व्यवस्थेला सुधारायला भाग पाडतो. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात म्हणून इटलीविरुद्ध स्ट्रासबर्गमध्ये तक्रारींचा ढीग साचला होता. 2001 मध्ये तिथे ‘पिंतो कायदा’ आला आणि विलंबाबद्दलची भरपाई इटलीतल्याच न्यायालयात मागण्याची सोय झाली.

व्यवहारात तक्रारदार बहुधा लहान चुकांवर अडतो. आंतरराष्ट्रीय तक्रारीतला मुद्दा निदान आशयाने देशातल्या न्यायालयापुढे मांडलेला असावा लागतो. तिथे फक्त जमिनीची मालकी मांडली आणि जिनिव्हाला मानवी हक्क समितीकडे भेदभावाची तक्रार नेली, तर ती टिकत नाही. मुदतही आखूड असते. स्ट्रासबर्गसाठी ती अंतिम निकालापासून पूर्वी सहा महिने होती, 2022 पासून चार महिने आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय तक्रारीची पूर्वतयारी पहिल्या कोर्टातल्या पहिल्या अर्जापासूनच सुरू होते.

भारतात हा नियम अर्ध्यावर थांबतो. घरचे उपाय कागदावर भक्कम आहेत: राज्यघटनेच्या कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालय, कलम 226 खाली उच्च न्यायालये. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतल्यानंतर त्याचा मृतदेह डिसेंबर 1987 मध्ये रेल्वे रुळांवर सापडला. त्यांचे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि 1993 मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई दिली. तो निकाल देताना न्यायालयाने नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या, बेकायदा अटकेच्या भरपाईविषयीच्या, कलम 9(5) चा आधारही घेतला. हा करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला, पण त्याच कलमाविषयी आपले आरक्षण नोंदवून. मानवी हक्क समितीकडे वैयक्तिक तक्रारीची वाट उघडणारा ऐच्छिक प्रोटोकॉल मात्र भारताने स्वीकारलेला नाही, आणि छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही करूनही त्याला मान्यता दिलेली नाही. त्यामुळे तो प्रोटोकॉल स्वीकारलेल्या नेपाळमधला काठमांडूचा नागरिक सारे उपाय संपल्यावर मानवी हक्क समितीकडे जाऊ शकतो, नागपूरचा किंवा पणजीचा नागरिक जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी उरतात ते मनमानी अटक आणि सक्तीने बेपत्ता करण्यासंबंधीचे संयुक्त राष्ट्रांचे कार्यगट. तिथे देशातले उपाय संपवण्याची अट नाही, मात्र त्यांची मते सरकारवर बंधनकारक निकाल म्हणून बजावता येत नाहीत.