खाट अंगणात आणायची का?

सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यात घरं एकमेकांना चिकटून नसतात. एकेक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर उभं असतं. अशाच एका पाड्यावर रविवारी घरच्यांची बैठक ठरली आहे. साठीच्या बाईला तोंडाचा कॅन्सर आहे. सुरतेच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. थोरला मुलगा म्हणतो, "आईला काही कळू देऊ नका." धाकटा ऊसतोडीला गुजरातेत गेला आहे. आदल्या संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर दोघं बोलत बसली आहेत : शहरातून आलेला तरुण डॉक्टर आणि याच डोंगरात जन्मलेल्या, पावरा समाजातल्या, निवृत्तीला आलेल्या सिस्टर. ही दोघं आणि ते घर कल्पित आहेत. प्रश्न मात्र खरा आहे.

डॉक्टर : सिस्टर, बैठकीचा कागद तयार केलाय. घरात कोण कोण, बैठक कशासाठी, आपल्याकडून कोण बोलणार, शेवटी काय ठरलं, पुन्हा कधी भेटायचं. सगळे रकाने भरले, एकच अडलाय. रुग्ण हजर राहणार का?

सिस्टर : थोरला काय म्हणतो?

डॉक्टर : आई आत झोपलेली असेल, आपण अंगणात बसू. मला हे पटत नाही. शरीर तिचं, दुखणं तिचं, उरलेले दिवस तिचे. आणि तिच्याविषयीचं बोलणं भिंतीच्या अलीकडे?

सिस्टर : भिंत कुडाची आहे, डॉक्टर. आत सगळं ऐकू जातं.

डॉक्टर : मग लपवायचं तरी काय राहिलं?

सिस्टर : काहीच नाही. तिला ऐकू येईल, फक्त उत्तर देता येणार नाही. गुपित पाळल्याचं समाधान घरच्यांना मिळेल आणि ती आत एकटी पडेल.

डॉक्टर : म्हणजे खाट बाहेर आणायची. ठरलं.

सिस्टर : थांबा. दहा माणसांसमोर तुम्ही तिला सांगणार की हे बरं होणार नाही. तिनं ते ऐकायचं मागितलंय का? मुलगा तिला न विचारता लपवतोय, तुम्ही तिला न विचारता सांगणार. दोघांमध्ये तिला विचारलं कोणी?

डॉक्टर : पण खरं सांगणं हे माझं कर्तव्य आहे. वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात की आजाराचं गांभीर्य फुगवू नये आणि कमीही करू नये.

सिस्टर : आणि ते कोणाला कळवायचं म्हणतात?

डॉक्टर : रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना.

सिस्टर : त्या 'किंवा'मध्येच आपली बैठक अडकलीय. आपल्याकडे बहुतेक वेळा तो शब्द नातेवाइकांच्या बाजूनं वाचला जातो. पुरुष माणसाला बाहेर बोलवायचं, हळू आवाजात सांगायचं. बाईला औषधाची चिठ्ठी तेवढी मिळते.

डॉक्टर : तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय की थोरल्याच्या?

सिस्टर : त्याच्या बाजूनंही बोलायला हवं. तो वाईट मुलगा नाही. शेळ्या विकून तो तिला सुरतेला घेऊन गेला. त्याला वाटतं, कळलं तर आई जेवण सोडेल. त्याचं लपवणं ही त्याची सेवा आहे. त्याला खोटारडा ठरवून बैठक सुरू केली तर ती तिथंच मोडेल.

डॉक्टर : पण ती जेवत नाही ते तोंडातल्या घावामुळे.

सिस्टर : हेच त्याला आधी सांगा. आणि दुखणं आटोक्यात आणा. कळवळणाऱ्या माणसाला मत विचारणं म्हणजे छळ आहे. तुमच्या कागदावर बैठकीआधीच्या कामांत दुखण्याचा रकाना सगळ्यांत वर हवा.

डॉक्टर : मान्य. आता माझी शंका ऐका. तुम्ही म्हणता, इथं एकेकटा माणूस ठरवत नाही, घर ठरवतं, पंच ठरवतात. पंच बसतात तेव्हा बायका कुठं असतात?

सिस्टर : (जरा थांबून) कडेला. ऐकतात, बोलतात कमी.

डॉक्टर : मग 'घर ठरवतं' म्हणजे घरातले पुरुष ठरवतात. आपण त्याला संस्कृती म्हणून मान द्यायचा?

सिस्टर : नाही. इथं माझंही मन कचरतं. एकत्र बसून ठरवण्याची रीत मला प्रिय आहे. मरणाऱ्या माणसाचा भार त्यात दहा खांद्यांवर वाटला जातो. पण ज्याचं मरण आहे त्याचा शब्द त्यात नसेल, तर उरते ती नुसती गर्दी.

डॉक्टर : फ्रान्समध्ये एक अभ्यास झाला होता, २००७ साली प्रसिद्ध झाला. बावीस अतिदक्षता विभाग, मरणासन्न रुग्णांची १२६ कुटुंबं. निम्म्यांशी नेहमीसारखं बोलले. उरलेल्यांसाठी बैठकीची पद्धत ठरवून दिली : घरच्यांच्या बोलण्याला मान द्या, भावना ओळखा, ऐका, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारा, प्रश्न विचारू द्या. शोकाविषयीची एक पुस्तिकाही हातात दिली. अशा बैठका साधारण वीसऐवजी तीस मिनिटं चालल्या, आणि घरचे पाचऐवजी चौदा मिनिटं बोलले. तीन महिन्यांनी त्यांच्यात चिंता, नैराश्य आणि आघाताची लक्षणं कमी दिसली.

सिस्टर : म्हणजे दहा मिनिटं वाढली, आणि जवळपास तेवढीच घरच्यांच्या वाट्याला गेली. चांगली गोष्ट आहे. पण अतिदक्षता विभागातला रुग्ण बहुधा बोलू शकत नाही. आपली बाई अजून बोलते. आधी तिच्या वाट्याची मिनिटं मोजा.

डॉक्टर : थोरला तर म्हणतो, होळीला सगळे परत येतील, तेव्हा बसू.

सिस्टर : होळीपर्यंत तिची जीभ चालेल?

डॉक्टर : सांगता येत नाही. हा आजार बऱ्याचदा बोलणं नेतो.

सिस्टर : मग थांबायचं नाही. धाकट्याला फोनवर घ्या, मोबाईल खाटेवर ठेवा. उसाच्या फडातून तो आईचा आवाज तरी ऐकेल. नाहीतर नंतर येऊन तो थोरल्याशी भांडत बसेल, मला का सांगितलं नाही म्हणून.

डॉक्टर : सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शेवटच्या आजारातल्या उपचारांविषयी आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये ते सोपंही केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असला की पुरे.

सिस्टर : साक्षीदार मिळतील. पण त्या कागदावर उतरवायचं काय, हे तिला कोणीतरी तिच्या भाषेत विचारायला हवं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातले शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी होते. तुमचा कागद मराठीत, तिचं दुःख पावरीत. मध्ये मी. आणि खरं सांगते, डॉक्टर, सगळ्यात जास्त भीती मला माझीच वाटते.

डॉक्टर : तुमची?

सिस्टर : तुम्ही म्हणाल, "बरी होणार नाही." थोरल्याचा चेहरा बघून मी म्हणेन, "वेळ लागेल." एका शब्दानं सगळी बैठक खोटी होईल, आणि तुम्हाला कळणारही नाही. म्हणून आज रात्रीच आपण दोघांनी शब्द ठरवू. कोणता शब्द वापरायचा, कुठं थांबायचं, आणि मी काय बदलायचं नाही.

डॉक्टर : मग उद्याचा क्रम सांगा.

सिस्टर : बैठकीच्या आधी आपण दोघं आत जाऊ. थोरल्याला सांगू, मला तिचा घाव पुसायचाय, तू बाहेर बस. हे खोटं नाही, घाव पुसायचाच आहे. पुसताना मी विचारीन : बाई, तुम्हाला काय झालंय असं वाटतं? याविषयी किती ऐकायचंय? कोणाला सांगू? तुमच्या वतीनं कोण बोलेल? आणि कुठं झोपायला आवडेल, आत की अंगणात?

डॉक्टर : आणि ती म्हणाली, "मुलालाच विचारा"? ते भीतीपोटी असेल तर?

सिस्टर : असू शकतं. म्हणून एकदा विचारून भागत नाही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी पुन्हा विचारायचं. तरीही ती तेच म्हणाली, तर तो तिचा निर्णय. न विचारता मुलानं घेतलेला हक्क वेगळा आणि विचारल्यावर आईनं दिलेला हक्क वेगळा. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात.

डॉक्टर : आणि तिनं तोंडावर विचारलं, "मी मरणार का?"

सिस्टर : मग थोरल्याकडे बघायचं नाही. घरचे आपल्याला गप्प राहायला सांगू शकतात, खोटं बोलायला सांगू शकत नाहीत. हेही त्याला आधीच सांगून ठेवू. म्हणजे त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही.

डॉक्टर : मग हा रकाना मी खोडतो. "रुग्ण हजर राहणार का" हा घरच्यांना विचारायचा प्रश्नच नाही.

सिस्टर : खोडा. त्या जागी कागदाच्या अगदी वर लिहा : तिला विचारलं का? केव्हा, कोणत्या भाषेत, आणि जवळ कोण नव्हतं?

संवाद इथं संपतो. रविवारी खाट अंगणात येईल की आतच राहील, हे त्या बाईनं ठरवायचं आहे.

हा प्रश्न सातपुड्यापुरता नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही मुलं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतात, "बाबांना कळू देऊ नका." त्या भिंती विटांच्या असल्या तरी आजारी माणसाला चेहऱ्यांवरून सगळं कळतंच. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या उपचारांत, बैठकीसाठी कागद, रकाने, क्रम ही साधनं हवीतच. ती नसली की बैठकीत सर्वांत मोठा आवाज जिंकतो. पण साधन कोणतंही असो, पहिला प्रश्न खाटेवरच्या माणसाला, एकांतात, त्याच्या भाषेत विचारलेला असावा. तुमच्या घरी ती वेळ येईल तेव्हा अंगणात बसण्याआधी पाच मिनिटं आत जा आणि विचारा. त्याचा आवाज आहे तोवर विचारा.