पूर्वपक्षाचा लोप

अमेरिकेच्या राजकारणांतील वादविवाद अलीकडे फार असभ्य झाला, अशी तक्रार त्या देशांत व त्याच्या बाहेरही वारंवार ऐकूं येते. तक्रार खोटी नाहीं. परंतु हरवलें आहे तें नेमकें काय, हें तक्रार करणारांस उमगलें असावें असें आम्हांस वाटत नाहीं. जीभ सैल सुटली एवढेंच दुःख असेल, तर तें फार जुनें आहे. २२ मे १८५६ रोजीं प्रतिनिधिगृहाचे एक सभासद प्रेस्टन ब्रुक्स यांनीं सेनेटच्या सभागृहांत शिरून, गुलामगिरीविरुद्ध जहाल भाषण केलेल्या चार्ल्स सम्नर यांस ते बेशुद्ध पडेपर्यंत काठीनें झोडपलें. काठी मोडली म्हणून दक्षिणेकडील चाहत्यांनीं ब्रुक्ससाहेबांस नव्या काठ्या नजर केल्या. आणि त्यांनीं राजीनामा देतांच मतदारांनीं त्यांस पुन्हां निवडून धाडलें! तेव्हां पूर्वींच्या सत्ययुगाची गोष्ट कोणीं न काढावी हें बरें.

शिवाय, नुसत्या सभ्यतेचें आम्हांस थोडें भयच वाटतें. १८३६ पासून १८४४ पर्यंत प्रतिनिधिगृहाचा असा नियम होता कीं, गुलामगिरीविरुद्ध आलेले अर्ज चर्चेवांचून बाजूस सारावे. आंत शांतता नांदावी हा हेतु. बाहेर माणसें विकलीं जात होतीं, तीं जातच राहिलीं. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्या नियमाशीं वर्षानुवर्षें झगडले, तर सभेची मर्यादा मोडल्याचा ठपका त्यांच्यावरच ठेवण्याचे प्रयत्न झाले. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. त्या लोकांपैकीं कितीकांस त्यांच्या काळीं उद्धटच म्हणत असत.

मग हरवलें तें काय? आमच्या मतें, पूर्वपक्ष. आपल्याकडील शास्त्रकारांची रीत अशी कीं, सिद्धान्त सांगण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें आपणच मांडावयाचें, आणि तें त्याचें त्यास ओळखतां येईल असें मांडावयाचें. १८५८ सालीं इलिनॉय राज्यांत सेनेटच्या जागेसाठीं लिंकन व स्टीफन डग्लस यांच्या सात गांवीं ज्या सभा झाल्या, त्यांत ही रीत नांवानें नव्हे, पण व्यवहारानें दिसते. पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास, मग पहिल्यानें अर्धा तास. तीन तास लोक ऐकत. मधून टाळ्या, मधून हुर्यो, सभ्यता बेताचीच. परंतु प्रतिपक्षी समोर बसलेला, आणि श्रोते दोन्ही पक्षांचे. त्याच्या शब्दांची मोडतोड केली तर तो उठून तेथल्या तेथें, नाहीं तर पुढच्या गांवीं, आपल्यास पकडणार हें वक्त्यास ठाऊक असे. फ्रीपोर्ट येथें लिंकन यांनीं टाकलेल्या प्रश्नास डग्लस यांस उत्तर द्यावेंच लागलें. तें इलिनॉयांत खपलें, जागाही त्यांसच मिळाली. पण त्याच उत्तरामुळें दक्षिणेकडील लोक अधिकच बिथरले, आणि १८६० सालीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत पक्ष दुभंगला तेव्हां तें त्यांस भोंवलें.

शंभर वर्षांनीं, २६ सप्टेंबर १९६० रोजीं, शिकागो येथें केनेडी व निक्सन यांच्या वाट्यास आरंभीं आठ आठ मिनिटें आलीं. २९ सप्टेंबर २०२० रोजीं क्लीव्हलंड येथें दोन दोन मिनिटें होतीं, व तींही पुरीं होऊं दिलीं गेलीं नाहींत. त्यांत ट्रंप यांचा वाटा बायडेन यांच्याहून पुष्कळ मोठा. पुढें नॅशव्हिल येथें एक बोलत असतां दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची योजना करावी लागली. ऐकून घेण्याचें काम माणसाकडून काढून यंत्राच्या कळीकडे सोंपविलें गेलें! श्रोतेही आतां एका मैदानांत नाहींत. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू ऐकवाव्या, हें नभोवाणीवरील १९४९ चें बंधन १९८७ सालीं सुटलें. पुष्कळ मतदारसंघ तर असे आखलेले कीं उमेदवारास भय स्वपक्षीयांचेंच. प्रतिपक्ष्याशीं बोलावें कशास? त्याच्याविषयीं बोललें कीं पुरे.

आम्ही वर्गांत विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहवून घेत आलों. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, गुलामगिरीचाही पूर्वपक्ष मांडावयाचा काय? आणि जो विकला जात आहे, त्यानें तो ऐकत बसावें काय?” त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या सात सभांत वाद ज्यांच्याविषयीं, त्यांच्यापैकीं वक्ता एकही नव्हता. आणि चार्ल्स्टन येथें लिंकन यांनीं सुद्धां, श्रोत्यांचा कल पाहून कीं काय, गोऱ्या-काळ्यांची सामाजिक व राजकीय समता आपणांस नको असें सांगून टाकलें. आज आम्ही तिला एवढें सांगूं कीं, ऐकून घेण्याचें ओझें जो भरडला जात आहे त्याचें नव्हे. जो सत्तेसाठीं मत मागतो त्याचें आहे. रागावण्याची मुभा पहिल्यास आहे, दुसऱ्यास नाहीं. हें उत्तर तिला पुरेल कीं नाहीं, याची आम्हांस खात्री नाहीं.

परंतु हा प्रश्न आतां केवळ वर्गाचा राहिला नाहीं. जून २०२५ मध्यें मिनेसोटाच्या विधिमंडळांतील डेमोक्रॅट पुढारी मेलिसा हॉर्टमन यांस त्यांच्या घरीं पतीसह ठार मारण्यांत आलें. १० सप्टेंबर २०२५ रोजीं यूटा राज्यांत, एका विद्यापीठाच्या आवारांत, चार्ली कर्क श्रोत्यांच्या प्रश्नांस उत्तरें देत असतां गोळी लागून मेले. कर्क यांच्या मतांचा आम्हांस कधींच मोह पडला नाहीं. पण समोर जमलेलीं तीं मुलें आमच्या वर्गांतल्यासारखींच होतीं, आणि एक प्रश्न अर्ध्यावर तुटलेला त्यांनीं पाहिला.

ऑक्टोबर २००८ मध्यें लेकव्हिल येथील सभेंत एक बाई जॉन मकेन यांस म्हणाल्या कीं, ओबामा हे अरब आहेत, त्यांचा विश्वास वाटत नाहीं. मकेन यांनीं ध्वनिक्षेपक काढून घेतला व सांगितलें कीं, नाहीं, ते भले गृहस्थ आहेत, आमचा मतभेद मूलभूत प्रश्नांवर आहे. (अरब असणें व भला असणें यांत विरोध कसला, हेंही त्यांनीं विचारावयास हवें होतें.) ओबामांचें भय बाळगूं नका, असें त्याच सभेंत सांगतांच त्यांच्याच लोकांनीं त्यांस हुर्यो दिली. ती निवडणूक ते हरले. २०१८ सालीं ते वारले तेव्हां वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्यें त्यांच्याविषयीं बोलण्यास, त्यांच्याच इच्छेवरून, त्यांस एकदां पक्षांतर्गत निवडणुकींत हरविणारे जॉर्ज डब्ल्यू. बुश व दुसऱ्यांदा हरविणारे बराक ओबामा हे दोघे उभे राहिले होते.