आधी आपलं साधन तपासावं

मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या पूर्णगडची हवा खारी. पितळेवर हिरवा कळंक लवकर चढतो. म्हणून वायरमनच्या परीक्षेला निघालेला मुलगा आदल्या रात्री मेगरच्या, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरच्या, वायरींची टोकं घासून पुसतो. ती एकमेकांना टेकवतो. काटा शून्यावर येतो ना, पाहतो. मग टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावतो. पेटला, तरच त्याच्यावर भरवसा. बिघडलेला टेस्टर करंट असूनही 'नाही' म्हणतो, आणि त्यावर विसंबलेला हात जिवाला मुकतो.

आधी आपलं साधन तपासावं.

मित्रहो, आपणही दिवसभर माणसं पारखतो. हा खरा, तो खोटा. पण पारखणारं मनच रागाने, हेव्याने कळकलेलं असेल तर? चांगल्या माणसावरही आपण अन्याय करू. म्हणून आज कुणाविषयी मत बनवण्यापूर्वी आपलं मन निर्मळ आहे ना, एवढं स्वतःला विचारू या.

आधी आपलं साधन तपासावं. निवाडा त्यानंतर.