उजेड पाडणे

आमचे तीर्थरूप माझे प्रगतिपुस्तक हाती घेत, चष्मा कपाळावर सारत आणि एकच प्रश्न विचारत, "काय उजेड पाडलात?" उत्तर द्यायला मला साठी उलटावी लागली. मी सायकलीला दिवा बसवला.

त्याचे असे झाले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, चिरंजीवांनी सायकल घेऊन दिली, आणि मी पहाटे अंबाजोगाईहून परळीच्या रस्त्याला लागलो. उसाचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी ठणाणा लावून चाललेले. मागे मात्र लाल दिव्याचा पत्ता नाही. एकदा उसात तोंड घालता घालता वाचलो. घरी सांगितले तर फर्मान निघाले, "आधी दिवा, मग सायकल."

आमच्या लहानपणी सायकलीचा दिवा म्हणजे डायनॅमो. 6 व्होल्ट, 3 वॅट. टायरला गाल घासत तो गुरगुरायचा. चढावर मिणमिणता, उतारावर जरा बरा, आणि थांबलात की गुडूप. त्यात रस्ता दिसे असे मी शपथेवर सांगणार नाही, पण कोणीतरी येतेय एवढे समोरच्याला कळे. नवा एलईडी दिवा मात्र असा की लांबच्या बाभळीचे काटे मोजून घ्यावेत! मी तो नाकासमोर सरळ रोखला, वर लुकलुकताही ठेवला. समोरचे मोटारसायकलवाले कडेला सरू लागले. तीस वर्षांच्या मास्तरकीत मला कोणी एवढी वाट दिली नव्हती. छाती फुगली.

एका पहाटे समोरून उसाची बैलगाडी आली. बैल एकदम थबकले, मग बिचकून बाजूला वळले. गाडीचे चाक रस्ता सोडून उतरले, वरचा ऊस कलला, आणि त्या उसावर बसलेली बाई किंचाळली. गाडीवानाने उडी टाकून कासरा आवळला म्हणून निभावले. मी पुढे होऊन "लागलं का हो?" म्हणालो. तो डोळ्यांवर हात आडवा धरून म्हणाला, "तेवढा दिवा खाली करा की. मला हात धरता येतोय, बैलानं काय धरावं? आन् उजेडामागं कोण हाय, ते बी दिसंना."

मी दिवा विझवला. विझवल्यावर तो माणूस मला दिसला आणि मी त्याला.

घरी आल्यावर अर्थातच मी माझी बाजू मांडली. ट्रकवाले माझ्या डोळ्यांत झोत मारतात, तेव्हा मी कोणाकडे दाद मागतो? ऐकून घेऊन सौ. म्हणाली, "ट्रकवाल्याचं राहू द्या. त्या बैलांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

यावर उत्तर नव्हते. म्हणून विचार करणे आले. दिवा दोन कामांसाठी असतो: आपल्याला दिसावे म्हणून आणि आपण दिसावे म्हणून. समोरच्याला काहीच दिसू नये, हे तिसरे काम त्याला आपण लावतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की ते पुन्हा सावरायला वेळ लागतो, म्हाताऱ्या डोळ्यांना तर अधिकच. तेवढा वेळ समोरचा माणूस आंधळा होऊन येतो, आणि येतो आपल्याच दिशेने! दिवा लुकलुकता असेल तर आपण किती लांब आहोत याचाही त्याला नीट अंदाज येत नाही. म्हणजे माझ्या सुरक्षिततेची किंमत तो मोजणार, आणि तो धडकला तर सुरक्षितताही गेली.

पूर्वी ट्रकच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे, तो याचसाठी. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही झोत खाली वळवता आला पाहिजे, 8 मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत, असे आहे. जर्मनीत सायकलीच्या दिव्यालाही समोरच्याचे डोळे दिपवायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडचा तो नियम मोटारींपुरता. सायकल बिचारी त्यात बसत नाही. मग उरतो तो विवेक. आणि आमच्या गावात तर 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी आहे. सिंधू उशाशी ठेवून मी थेंबाविना राहिलो होतो.

पान्ह्याने एक नट सैल केला, दिव्याची मान खाली घातली, लुकलुक बंद केली. एवढेच. आता उजेड दहा-बारा पावलांवर रस्त्यावर पडतो, आणि गंमत म्हणजे खड्डे आता कुठे दिसू लागले आहेत. इतके दिवस मी बाभळीच पाहत होतो. ट्रकवाले अजून झोत मारतात. मी कडेला थांबतो. मोटारसायकलवाले आता वाट देत नाहीत. पण परवा समोरून आलेल्या एका गाडीवानाने मला राम राम घातला. तोच होता का, कोण जाणे. माझे तोंड त्याला दिसले, एवढे खरे.

तीर्थरूप असते तर प्रगतिपुस्तक पुढे ठेवून सांगितले असते, "पाडला उजेड, दादा. फक्त या खेपेला खाली पाडला."