पेत्राची तलवार



शेवटच्या भोजनानंतर शिष्यांजवळ मिळून दोन तलवारी होत्या, असे संत लूक सांगतो. त्यांतली एक पेत्राकडे होती. पेत्र आपल्यासारखाच जाळे टाकणारा. मनाचा साफ, पण डोके गरम. गेथशेमनी बागेत प्रभूला धरायला माणसे आली आणि याने विचार न करता वार केला. मल्ख नावाच्या चाकराचा उजवा कान तुटला. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली आणि तो कान बरा केला. त्या रात्री पेत्राच्या हाताशी तलवार नसती तर? राग तेवढाच असता, पण तो फार तर ओरडला असता, कोणाला ढकलले असते. आणि तलवारीच्या जागी बंदूक असती, तर मल्ख कानावर सुटला नसता.

हे दूरचे वाटते का? ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई सुपरफास्ट गाडी आपले पालघर स्टेशन सोडून पुढे निघाली आणि धावत्या गाडीत गोळ्या सुटल्या. रेल्वे सुरक्षा दलाचे एक अधिकारी आणि तीन प्रवासी ठार झाले. तिघे प्रवासी मुसलमान होते. आरोप ठेवला गेला तो त्या अधिकाऱ्यांच्याच हाताखालच्या जवानावर, आणि हत्यार होते प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेली सरकारी रायफल. पुढे २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरला जमिनीच्या वादातून एका आमदारांनी गोळीबार केल्याचा आरोप झाला, तोही पोलीस ठाण्यात. जिथे संरक्षण मागायला जायचे, तिथेच!

माणूस बंदूक घेतो ती बहुधा घर राखायला. ती घर राखते का, याचा अभ्यास अमेरिकेत पुष्कळ झाला आहे, कारण तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. १९९३ साली डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात झालेले खून तपासले. बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट आढळली, आणि मारणारा बहुतेक वेळा घरचाच किंवा ओळखीचा. या अभ्यासावर टीकाही झाली. ज्याला आधीच धोका वाटतो तोच बंदूक घेतो, मग दोष बंदुकीचा कसा, असे टीकाकार म्हणाले. प्रश्न रास्त आहे. खुनांच्या बाबतीत तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आत्महत्येच्या बाबतीत मात्र पुरावा फार भक्कम आहे. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे ८ पट निघाले. स्त्रियांत ३५ पट. इस्रायलच्या सैन्याने तर साधाच नियम केला: आठवडाअखेरच्या सुट्टीला घरी जाताना जवानांनी शस्त्र छावणीतच ठेवायचे. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. जवान तेच होते, त्यांची दुःखेही तीच होती.

कोणी म्हणेल, काइनाकडे कुठे बंदूक होती? खरे आहे. पाप हत्यारात नसते, मनात असते, हे ख्रिस्तसभा नेहमीच शिकवत आली. पण मनातला तो काळा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. हाताशी काही नसेल तर तो टळून जातो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आयुष्य जगतात.

म्हणूनच हे सारे आम्ही सातपाटीत बोलतो आहोत. आपल्याकडे कोणाच्या घरी बंदूक असणार? परवाना मिळवायला किती खेटे घालावे लागतात ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्या खेड्यापाड्यांत बंदुकीची जागा घेतली आहे फवारणीच्या औषधाने. मोरीच्या फळीवर, गोठ्यात, तांदळाच्या डब्यामागे ते उघडे पडलेले असते. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. बंदी सरकार घालील तेव्हा घालील. कुलूप तर आपल्या घरात आहे ना?

ज्या घरी दारू आहे, भांडण आहे, बोटीचे कर्ज थकले आहे, परीक्षेत नापास झालेले पोर गप्प बसून आहे, त्या घरच्यांना आम्ही हात जोडून सांगतो: औषध आजच पेटीत घाला आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेत तरी त्यात लाज कसली? आणि त्या पोराजवळ बसा. मन फारच दाटून आले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.