जॉन डीनची आठवण आणि अन्नंभट्ट

तर्कसंग्रह या न्यायदर्शनाच्या ग्रंथात अन्नंभट्ट ज्ञानाचे दोन भाग करतात, स्मृती आणि अनुभव. फक्त संस्कारातून उपजते ती स्मृती, बाकीचं सगळं ज्ञान म्हणजे अनुभव, आणि यथार्थ अनुभवाला म्हणायचं प्रमा. स्मृतीतही खरी आणि खोटी असा भेद ते करतात, पण खऱ्या स्मृतीलासुद्धा प्रमेच्या पंगतीला बसू देत नाहीत. पुण्यात एम.ए.ला असताना सरांकडे हा ग्रंथ मी ओळ न ओळ शिकले. स्मृतीला बाहेर ठेवण्याचं कारण सरळ होतं : आठवणीचं खरेपण उसनं असतं. मूळ अनुभव खरा असला तर ती खरी, तो खोटा असला तर तीही खोटी. नवं असं ती काहीच कळवत नाही.

आता मी बॉस्टनमध्ये ग्रंथालयशास्त्र शिकते आणि अमेरिकन आर्काइव्ह ऑफ पब्लिक ब्रॉडकास्टिंग या संग्रहासाठी इंटर्नशिप करते. इथलं जीबीएच हे प्रसारण केंद्र आणि वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस मिळून तो सांभाळतात. देशभरातल्या सार्वजनिक रेडिओ-टीव्ही केंद्रांच्या जुन्या फिती डिजिटल रूपात तिथे येतात. त्या ऐकायच्या, यंत्रानं केलेल्या शब्दांकनातल्या चुका काढायच्या, ऑनलाइन प्रदर्शनासाठी तुकडे निवडायचे आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या, असं माझं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या आठवणी हाताळायच्या म्हटल्यावर अन्नंभट्ट पाठ सोडत नाहीत.

त्यांच्याशी माझं खरं भांडण जुंपलं ते वॉटरगेटच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांनी एक घरफोडी दडपल्याच्या प्रकरणाच्या, फिती पाहताना. 17 मे 1973 ला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी सुरू झाली. सार्वजनिक टीव्हीनं तेव्हा एक मोठी गोष्ट केली. दिवसभराचं कामकाज अध्यक्षांच्या हातोड्याच्या पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत रात्री पुन्हा दाखवलं, म्हणजे दिवसा कामावर असलेल्यालाही ते अख्खं पाहता यावं. रॉबर्ट मॅकनील आणि जिम लेहरर हे दोघे निवेदन करत. कुणी कुणासाठी काही गाळायचं नाही, ही त्यामागची भूमिका मला फार मोलाची वाटते. लोकांवर इतका विश्वास टाकणारं प्रसारण मी क्वचितच पाहिलं आहे.

25 जूनला जॉन डीन साक्षीला बसला. राष्ट्राध्यक्ष निक्सनचा माजी कायदेशीर सल्लागार, वय अवघं 34. त्यानं 245 पानांचं निवेदन वाचलं, तेही एकसुरी आवाजात, मान वर न करता. कोणत्या तारखेला कोण काय म्हणालं, कोण कुठे बसलं होतं, सगळं. वर्तमानपत्रांची कात्रणं पुढे ठेवून आपण तारखा जुळवल्या, हेही त्यानं सांगितलं. तेव्हा त्याच्या शब्दाविरुद्ध राष्ट्राध्यक्षांचा शब्द होता. मग 16 जुलैला अलेक्झांडर बटरफिल्डनं समितीपुढे सांगितलं की राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत ध्वनिमुद्रण यंत्रणा बसवलेली आहे. म्हणजे ज्या बैठकी डीन आठवून सांगत होता, त्यांतल्या कित्येक फितीवर होत्या.

अशी संधी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही. एका बाजूला शपथेवर सांगितलेली आठवण, दुसऱ्या बाजूला त्याच प्रसंगाची फीत. उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं 1981 साली दोन्ही ताडून पाहिल्या. 15 सप्टेंबर 1972 च्या बैठकीबद्दल डीननं जे सांगितलं होतं, त्यातलं फारच थोडं फितीवर सापडलं. निक्सननं केलं म्हणून सांगितलेलं कौतुक निक्सननं केलेलंच नव्हतं. आणि तरीही मुळातली गोष्ट खरी होती. प्रकरण दडपलं जात होतं, निक्सनला ते माहीत होतं, त्या खोलीतल्या माणसांचे एकमेकांशी संबंध डीननं सांगितले तसेच होते. शब्द चुकले, प्रसंग चुकले, पण आशय खरा निघाला. नायसरचं म्हणणं असं की डीनला कोणती एक बैठक आठवत नव्हती. पुनःपुन्हा घडत गेलेलं काहीतरी आठवत होतं आणि ते त्यानं एका तारखेवर आणून बसवलं.

मी सरांना फोन केला. इथे सकाळ होती, पुण्यात संध्याकाळ. म्हटलं, "सर, ही आठवण कुठल्याच एका अनुभवाकडून उसनी घेतलेली नाही. जिच्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील खोटा आहे ती खरी ठरली. मग स्मृती नवं काही सांगत नाही असं कसं म्हणायचं?"

सर म्हणाले, "अगं, मग ती स्मृती नव्हेच. ते अनुमान आहे. पुष्कळ बैठकी पाहून त्यानं एक निष्कर्ष काढला आणि आठवण म्हणून सांगितला. न्यायदर्शनाला काय धक्का बसला?"

उत्तर नेमकं होतं. पण मला जैन तार्किक आठवले. अकलंकांच्या परंपरेत स्मृती हे प्रमाणच आहे, परोक्ष का असेना. त्यांची कोटी अशी की धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे नेहमीचं साहचर्य, आठवल्याशिवाय अनुमान करताच येत नाही. स्मृतीवर विसंबता येत नसेल तर अनुमान कशाच्या आधारावर उभं राहणार? मी हे सांगितल्यावर सर खुशीत हसले आणि म्हणाले, "यावर उदयनाचार्य वाच, मग बोलू." वाचते आहे.

मात्र सरांच्या उत्तरानं माझ्या कामाकडे पाहण्याची रीत बदलली. ऑनलाइन प्रदर्शन म्हणजे समाजाची आठवण, असं आम्ही सहज म्हणतो. ते तसं नाही. शेकडो तासांतून मी काही मिनिटं उचलते आणि त्यांवरून पाहणाऱ्याला एका निष्कर्षाकडे नेते. हे अनुमान आहे, तेही दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेलं, परार्थानुमान. म्हणून त्याला अनुमानाचेच नियम लागू होतात. हेतू, म्हणजे निष्कर्षाचं कारण, समोर ठेवला पाहिजे. ऐकणाऱ्याला तो तपासता आला पाहिजे.

इथे द्रोणपर्व डोळ्यांपुढे येतं. अश्वत्थामा मेला, असं धर्मराज मोठ्यानं म्हणाला आणि हत्ती हा शब्द पुटपुटला. आपल्याकडे सांगतात की तेवढ्यात शंख फुंकले गेले. त्याचा एकही शब्द खोटा नव्हता, तरी जमिनीवरून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकला. तुकडा कापणाऱ्याच्या हातात तोच शंख असतो. साक्षीदाराचं उत्तर ठेवलं आणि त्याला विचारलेला प्रश्न काढला, की प्रत्येक शब्द अस्सल राहून वाक्य खोटं होतं. फीत खरी आहे एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तुकड्यावरून संपूर्ण ध्वनिमुद्रणाकडे जाणारी वाट प्रदर्शनात असावीच लागते. कुणी ती वाट धरो न धरो. मी ती तांत्रिक सोय मानत नाही. सत्याशी बांधून घेण्याची ती एक रीत आहे.

याहून कठीण प्रश्न अभावाचा. निक्सनच्या 20 जून 1972 च्या फितीत साडेअठरा मिनिटं कोरी आहेत, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. नैयायिक सांगतील की अभाव कळायला आधी प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव ती वस्तू, माहीत हवा. घट काय हे ज्याला ठाऊक, त्यालाच भूतलावर घट नाही हे दिसतं. तिथे संभाषण झालं होतं हे माहीत होतं, म्हणून ती कोरी जागा ओरडून बोलली. ज्यांच्यापुढे कुणी कधी माइक धरलाच नाही, त्यांचा अभाव मात्र असा दिसत नाही. फीत कोरी नसते, फीतच नसते. जुन्या काळी महागड्या फिती पुसून त्यांवर पुन्हा मुद्रण करत. त्यात गेलेल्यांची तर नोंदही सापडेल असं नाही.

17 जून 1972 ला मध्यरात्रीनंतर वॉटरगेट इमारतीत, ज्या घरफोडीतून हे सगळं प्रकरण निघालं तिच्यासाठी दाराच्या कुलपावर लावलेली चिकटपट्टी दिसली ती फ्रँक विल्स या कृष्णवर्णीय पहारेकऱ्याला. ती त्यानं काढली. थोड्या वेळानं ती पुन्हा लावलेली दिसल्यावर पोलिसांना बोलावलं. वय 24. चार वर्षांनी या प्रकरणावर आलेल्या चित्रपटात तो स्वतःच्याच भूमिकेत क्षणभर दिसतो. 2000 साली तो गरिबीत वारला. विल्सचं नाव ज्याला माहीत आहे, तोच या शेकडो तासांत विल्स कुठे आहे असं विचारू शकतो. तेव्हा तुकड्याखालच्या त्या चार ओळींत प्रतियोगीचं नाव लिहिणं हे माझं काम आहे, असं मी धरून चालते. ज्याची फीत नाही त्याचं नाव तरी हवं, म्हणजे पाहणाऱ्याला त्याचं नसणं कळेल.

सरांना हे पूर्ण मान्य नाही. नाव लिहिलं की ते शब्दप्रमाण झालं, म्हणजे आता वाचकानं तुझ्यावर विश्वास ठेवायचा, आणि आप्त, म्हणजे विश्वासार्ह वक्ता, ठरण्याइतकी तुझी योग्यता कुणी तपासली, असं त्यांनी विचारलं. माझं उत्तर असं की आप्त ठरायला मी निघालेलीच नाही. प्रत्येक नावापुढे मी ते कुठून आलं ते लिहिते, जनगणना असो, वर्तमानपत्र असो की न्यायालयाची नोंद. त्यांचं म्हणणं, त्या नोंदी करणारीही माणसंच होती. खरं आहे. पुढच्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे, तोवर उदयनाचार्यांच्या कुसुमांजलीतला स्मृतीवरचा भाग वाचून व्हायला हवा.