बंद पडलेली गाडी आणि अंजिराचे झाड



महिना झाला, आपली जीप चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली उभी आहे. मिस्सा संपली की कोणीतरी विचारतेच, "फादर, गाडीचं काय ठरलं?" म्हणून आज त्याविषयीच लिहीत आहोत.

लातूरहून नांदेडला परतताना अहमदपूर सोडल्यावर तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. आम्ही तो पाहिला. पण संध्याकाळची मिस्सा गाठायची होती, म्हणून "लोह्याला थांबून पाणी भरू" असे म्हणत गाडी तशीच दामटली. लोहा येण्याआधीच गाडी थांबली. एक पाइप फुटून रेडिएटरमधले पाणी गळून गेले होते. तापून पिस्टन सिलिंडरमध्येच घट्ट बसले. मिस्त्री म्हणाले, "फादर, इंजिन सीज झालंय. काटा वर गेला तेव्हाच थांबला असता, तर एका पाइपावर भागलं असतं." पापनिवेदनाला येणाऱ्यांना आम्ही हेच सांगत असतो. सद्‌सद्‌विवेकाचा काटाही वेळेवर वर जातो. तो दिसूनही आपण पुढे जातो. चूक आमची होती, ती इथे कबूल करतो.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत दोन मते पडली. काहीजण म्हणाले, "याच जीपमधून रात्री-अपरात्री आपली आजारी माणसं दवाखान्यात गेली, हिला भंगारात कसं घालायचं?" काहीजण म्हणाले, "विका आणि मोकळे व्हा."

शुभवर्तमानात दोन्ही बाजूंना आधार आहे. लूक १३ मध्ये माळी निष्फळ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागतो. लूक १४ मध्ये प्रभू सांगतो की बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. माळ्याकडे नीट पाहा. तो मुदत मागतो आणि भोवती खणून खत घालण्याची तयारीही दाखवतो. झाडाखाली गाडी गंजत ठेवणे म्हणजे धीर धरणे नव्हे.

आम्ही हिशेब केला. इंजिन नव्याने बांधायला ९०,००० रुपये. गाडी तेरा वर्षांची; खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आणि खालचा पत्रा तर गंजून गेला आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की दृष्टी गेलेला डोळा नावापुरताच डोळा असतो. आपली जीपही आता नावापुरतीच गाडी आहे. तुमच्या दानपेटीतले पैसे मजुरीचे आहेत. ते आठवणींवर खर्च करण्याचा आम्हांला अधिकार नाही. म्हणून ती मोडीत काढायचे ठरले. मात्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याला द्यायची नाही. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रावर देऊन प्रमाणपत्र घ्यायचे आणि आरटीओत नोंदणी रद्द करायची. नाहीतर गाडी जाते, पण कागदावर ती आपल्याच नावावर राहते.

हे लिहिताना एक गोष्ट मनाला टोचली. बुरुजाचा हिशेब वस्तूंसाठी आहे, माळ्याचा धीर माणसांसाठी. आपण नेमके उलट करतो. जुनी वस्तू घरातून हलवत नाही. पण दारूपायी वाया गेलेला भाऊ, न कमावणारा म्हातारा बाप, माहेरी परतलेली मुलगी यांचा हिशेब मात्र लगेच मांडतो. इंजिन बदलले तरी चॅसिस नंबर तोच राहतो. स्नानसंस्काराची मुद्राही तशीच, कोणत्याही पापाने पुसली न जाणारी. देव नवे हृदय देतो, असे यहेज्केल संदेष्टा सांगतो. त्यामुळे माणसासाठी देवाकडे भंगारखाना नाही.

या आठवड्यात आपल्या घरातल्या अशा एका माणसाकडे जा. आणखी एक वर्ष त्याला द्या, आणि भोवती खणण्याचे कष्टही घ्या.

नव्या गाडीचे पुढे पाहू. तोवर आम्ही गावोगावी एसटीने येऊ. मिस्सेला थोडा उशीर झाला तर सांभाळून घ्या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू